काढून टाकायचं कलम

आमचे थोरले भावजी, सुभेदार केरबा. घरात सगळे त्यांना आबा म्हणतात. फौजेतून येऊन सतरा वर्षं झाली, पण माणूस अजून एका जागी टेकत नाही. गेला महिनाभर तर जेवताना ताटावरूनसुद्धा उठून अंगणात जातात. जाऊबाई म्हणतात, पायात भिंगरी बांधली आहे. भिंगरी नाही, मैदान आहे.

गावात माजी सैनिकांची संघटना आहे, एकवीस जणांची. आबांनीच ती उभी केली. गावातल्या खंडोबासमोर एकेकानं ताटातला बेलभंडारा उचलला आणि शपथ घेतली: जे करायचं ते एकमतानं, आणि कुणाला एकटं सोडायचं नाही. यंदा भरतीच्या पोरापोरींच्या सरावासाठी गायरानातली दोन एकर जागा मिळायची आहे. महिनाअखेरीच्या आत अर्जावर सगळ्यांच्या सह्या हव्यात. वीस झाल्या. एकविसावी जोतिबा हवालदारांची.

जोतिबांचा ऊस नेमका त्या जागेच्या तोंडाशी. त्यांचं एकच म्हणणं, आधी माझ्या ट्रॉलीला मैदानातनं वाट द्या, मग सही. कडेनं नव्हे, मधोमध!

माझी शिवांजली पोलीस भरतीची तयारी करते. जागा नाही म्हणून सकाळी चिपळूण रस्त्याच्या कडेनं धावते. मागच्या मंगळवारी उसाच्या ट्रॅक्टरनं तिला असं दाबलं की पोरगी चरीत पडली. दोन्ही गुडघे सोलले. देवानं तेवढ्यावर निभावलं. आबांनी गुडघे बघितले, आणि अंगणात फेऱ्या घालत राहिले.

आबा शांतिसेनेबरोबर लेबनॉनला होते. तिथं देशोदेशीचे सैनिक बघितले, तेव्हापासून नाटोची बातमी आली की घरातल्या लग्नासारखी ऐकतात. शनिवारी मी मारुतीला तेल घालायला गेले, तर बाहेर तोच विषय.

“असला भिडू ठेवायचाच कशाला?” आबा म्हणत होते. “तुर्कस्ताननं क्षेपणास्त्रं घेतली ती रशियाची! स्वीडनला आत घ्यायचं तर दीड वर्ष दारात उभं केलं. हाकला त्याला!”

जोतिबा तंबाखू मळत बसले होते. “हाकला की. पन सुभेदार, काळ्या समुद्राच्या तोंडावर कोन बसलाय? त्याला काढला म्हंजी त्यो समुद्र उचलून दुसरीकडं जानार हाय व्हय?”

“तोंडावर बसलाय म्हणून नाक दाबायचं?”

“नाक कुठं दाबतोय बिचारा. भाव करतोय.”

सगळे हसले. हा तुर्कस्तान कुठल्या आळीतला, ते हसणाऱ्यांना ठाऊक होतं. आबांचे कान लाल झाले.

त्याच संध्याकाळी आबा शिवांजलीसमोर उभे. “तू सामान्य ज्ञान वाचतीस न्हवं? नाटोतनं देश काढून टाकायचं कलम कितवं, बघ.”

तिनं पुस्तक चाळलं, मग मोबाईल. “आबा, नाहीच.”

“नीट बघ.”

“चौदाच कलमं आहेत. तेराव्यात आहे, वर्षभर आधी सांगून आपणहून बाहेर पडता येतं. पण दुसऱ्याला काढायचं कुठंच लिहिलेलं नाही.”

“लिहायचं इसरलं असतील.”

“एवढे देश बसले होते आबा, सगळेच विसरले?”

आबा दारापर्यंत गेले, परत आले. “मग आपनच भाईर पडायचं. वीसच्या वीस. नवी संघटना काढू. राजेश्वरी, उद्या रविवार हाय. बेलभंडाऱ्याचं ताट लाव.”

मी म्हटलं, “आबा, पहिल्या शपथेचं काय?”

“देवाला मी सांगतो.”

“देव ऐकून घेईल. पण एकाला एकटं सोडायचं नाही, हेच तर त्याच्यासमोर बोललात.”

आबा तोवर अंगणात निघून गेले. वडीलधाऱ्यांचा शब्द, मी ताट लावलं. बेल निवडताना तीन दलांची पानं मोजूनही सारखी चुकत होते. मल्हारीला म्हटलं, हे मी लावतेय, पण माझ्या मनाचं नाही. पोरीचे गुडघे दिसले की मात्र वाटायचं, होऊन जाऊ दे एकदा.

आबांचा नेम असा की आधी हजेरी, मग ताट. पण रविवारी घाईत ताट आधीच खंडोबाच्या पायरीवर ठेवलं, आणि ते माणसं मोजायला वळले. तेवढ्यात जोतिबा आले. टोपी काढली, वाकले, ताटातलं बेलाचं पान आणि चिमूटभर भंडारा उचलून कपाळाला लावला.

“येळकोट येळकोट! नव्या संघटनेत पयला मी. बोला, काय एकमतानं करायचं?”

“तुला कुनी बोलावलं रं?” आबा ओरडले.

“देवळात यायला आवतान लागतं व्हय?”

मागून कोणीतरी म्हणालं, “ठेवा वो ते खाली, ठेवा!”

आणि त्याच्यावर आबाच उसळले. “देवाचं उचललेलं खाली ठेवत न्हाईत! कळतं का न्हाई?”

आबांनी ताटाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मी पदर सावरला. खरं लिहायचं तर मला सुटल्यासारखं झालं, आणि जागा हातची गेली म्हणून रडूही आलं. बाकी कुणी ताटाला हात लावला नाही. कशाला लावतील? जोतिबाच आत आले, तर नवी काय आणि जुनी काय.

“चल,” आबा जोतिबांना म्हणाले.

“कुठं?”

“मैदानावर. वाट मधनं मिळनार न्हाई. बांधाच्या कडंनं, आठ फूट.”

“आठ फुटात भरलेली ट्रॉली वळती व्हय? फौजेत काय हाकलंत, खेचरं? बारा.”

“आठ!”

दोघं तसेच अनवाणी गेले. दुपारी मी भाकरी घेऊन गेले, तर एकानं दोरीचं एक टोक धरलेलं, दुसऱ्यानं दुसरं. खुंटी मारायची, उपटायची, हातभर सरकवून परत मारायची. भाकरी तशीच बांधावर राहिली.

हे लिहिते आहे तोवर नऊ आणि साडेदहा इथपर्यंत आलेत. सही झालेली नाही, आणि महिना संपायला चार दिवस उरलेत. शिवांजलीला म्हटलं, तेवढे चार दिवस तरी धावू नकोस.

ती बुटाची नाडी ओवत होती. म्हणाली, “आई, भरती थांबणार आहे का त्या दोघांसाठी?”