पहिली पंगत

कापणीच्या सणाचा रविवार, मानोऱ्याचं चर्च. हजर: पाळकसाहेब, मनोहरकाका आणि इतर वडीलजन, गावातली सगळी कुटुंबं, दोन तांड्यांवरची माणसं, त्यांची लेकरं. गैरहजर: आमच्या मंडळीतली सुनंदा आणि तिचा नवरा, अकोल्याच्या दवाखान्यात. त्यांची दहा महिन्यांची रूथ माझ्या कडेवर.

सुनंदाच्या पित्ताशयात खडे झाले होते. सोमवारी सकाळी ऑपरेशन ठरलं होतं; आणखी थांबलं तर आत पू होईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. बाळाला मी सांभाळीन, असं मीच पुढे होऊन सांगितलं. कामाची आखणी करणं मला जमतं. दूध कोण आणेल, दुपारी कोण थांबेल, लंगोट कोण धुवेल, सगळं ठरलं. मी प्रार्थनाही क्रमवारच करते. पण आईच्या अंगावर पिणाऱ्या रूथने बाटली, वाटी, चमचा सगळं झिडकारलं. शनिवार सकाळपासून पोटात गेलं ते चार घोट पाणी. गावातल्या डॉक्टरांनी रविवारी सकाळी तिला तपासलं. संध्याकाळपर्यंत काही घेतलं नाही तर सलाइन लावावी लागेल, म्हणाले. उपासनेआधी सुनंदाचा फोन आला. "ताई, ते पेत नसन तं मी येऊन राह्यली. ऑपरेशन मंग पाहू." मी तिला दुपारपर्यंत थांबायला सांगितलं. का थांबायचं, ते मलाही माहीत नव्हतं.

वेदीसमोर सोयाबीनच्या पेंढ्या, तुरीच्या शेंगा, भोपळे मांडलेले होते. सगळे आभार मानत होते आणि मी व्हरांड्यात रडणाऱ्या बाळाला घेऊन येरझाऱ्या घालत होते. खरं सांगायचं तर त्या दिवशी माझ्याकडे आभार नव्हते. प्रभू, मी माझ्या वाटणीचं सगळं केलंय, आता तुझं काय, असंच मी म्हणत होते. ही प्रार्थना की तक्रार, हे मला आजही सांगता यायचं नाही.

उपासनेनंतर प्रीतिभोजन. आमच्याकडे वडीलजन आणि पाहुणे आधी बसतात, मग बाकीचे, लेकरं शेवटी. ती सांडतात, दंगा करतात, म्हणून. त्या दिवशीही ती ताटल्या वाजवत व्हरांड्यात ताटकळत होती. मी कोपऱ्यात बसून रूथच्या तोंडाशी वरणभाताचा चमचा नेत होते, ती मान फिरवत होती. तांड्यावरचा सॅमी, आठ वर्षांचा, जवळ येऊन उभा राहिला.

"मावशी, तिले एकटीले काहून चारता? आमच्यात बसवा ना."

"तुमची पंगत शेवटची आहे, सॅमी."

"मंग हे बी शेवटीच जेवन का?"

मी उठले. आत पंगतीसाठी अंथरलेल्या पट्ट्यांवर लेकरांना बसवलं आणि मधोमध, त्यांच्यातल्या सगळ्यात मोठ्या एस्तेरच्या मांडीला टेकवून, रूथला. मनोहरकाका वरणाची बादली घेऊन थबकले.

"ताई, हे कायची नवी रीत? सारा भात सांडून ठेवतीन हे पोट्टे!"

"सांडू द्या, काका. मी झाडते. वाढा."

काकांनी कुरकुरत वाढलं. सॅमीने हातात घास घेऊन केवढा तरी मोठा आ केला. पंगतभर सगळ्यांनी तसाच आ केला. रूथचं रडं थांबलं. ती एकेका तोंडाकडे बघत राहिली, मग तिचंही तोंड उघडलं. एस्तेरने बोटांनी कालवलेला भात आत सरकवला. तिने गिळला. पुन्हा तोंड उघडलं.

"आता माह्या हातचा!" सॅमी ओरडला.

"आधी हात धुऊन ये, गधड्या," काका म्हणाले, आणि खाली बसून त्यांनी रूथच्या पुढ्यात आणखी वरण ओतलं.

सुनंदाला फोन केला. "जेवली गं." ती म्हणाली, "आता उद्या आत जाले मले भेव नाही."

सोमवारी ऑपरेशन नीट झालं. रूथ का जेवली, याची कारणं शोधली तर सापडतील. मी शोधलेली नाहीत. मी मदत मागितली होती, आणि मदत माझ्यासमोर ताटल्या वाजवत उभी होती. लेकरांना आम्ही सांभाळतो, शिकवतो, गप्प बसवतो, म्हणून मंडळी चालते असं मी धरून चालले होते. आता वाटतं, तीही मंडळीच आहेत, आणि प्रभू त्यांच्याकडूनही काम करून घेतो. स्वतःला त्याच्या हाती सोपवायचं म्हणजे आखणी सोडायची, असं नाही. मी आजही आखते. फक्त मदत कोणत्या दारातून येणार, हे ठरवणं माझ्याकडे नाही. त्या दुपारसाठी मी रोज त्याचे आभार मानते.

नाताळच्या प्रीतिभोजनात लेकरांची पंगत पहिली बसावी, असा ठराव वडीलजनांच्या बैठकीत मांडायचा राहिला आहे. त्यांच्यातल्या दोघांनी आधीच नकार कळवलाय. त्यांच्या घरी मला अजून जायचं आहे.