आठ स्टुलांच्या बारमध्ये सासूबाई

सासूबाई मिरजेहून आमच्याकडे यायच्या आदल्या दिवशी माझ्या नवऱ्यानं घरातल्या सगळ्या बाटल्या गोळा केल्या आणि हॉट प्रेसमध्ये जुन्या चादरींखाली झोपवल्या. आयर्लंडमध्ये कपाटाला प्रेस म्हणतात, आणि गरम पाण्याच्या टाकीभोवतीचं कपाट म्हणजे हॉट प्रेस. वाईन तिथं उकडून मरेल, असं मी सांगून पाहिलं. तो म्हणाला, "मरू दे. आईला कळता कामा नये."

परदेशी निघताना त्यानं विमानतळावर आईला शब्द दिला होता, की दारूला शिवणार नाही. शब्द डब्लिनला पोचून महिनाभरात मोडला. नंतर राहिलं ते फक्त लपवणं, आणि त्यातलं निम्मं काम माझ्याकडे. कुणी जेवायला येणार असेल तर त्यांना आधी फोन करून "बाटली आणू नका" सांगायचं मी. आईंनी "हे उंच पेले कशाचे गं?" विचारलं तर "फालुद्याचे" म्हणायचंही मीच.

त्या शुक्रवारी सकाळी बूट घालता घालता तो आईला म्हणाला, "आज उशीर होईल गं, मीटिंग आहे." मीटिंग कुठं होती ते मला ठाऊक होतं. ऑफिसच्या मंडळींना घेऊन तो पाच वाजता त्याच्या आवडत्या जपानी बारमध्ये साके प्यायला जाणार होता. तिथं मीही एकदोनदा मैत्रिणींबरोबर गेले होते. माझी सुट्टी होती. आई सिटीवेस्ट या आमच्या उपनगरातल्या त्याच त्या घरांभोवती फिरून कंटाळल्या होत्या. मी म्हटलं, "आई, गावात जाऊ या? एक छोटंसं जपानी दुकान दाखवते."

"चल की," त्या म्हणाल्या. जांभळी इरकल नेसल्या, वर माझं रेनकोट-जाकीट चढवलं, आणि आम्ही लुआसनं, म्हणजे इथल्या ट्रामनं, निघालो. माझ्या डोक्यात काय शिजतंय याचा त्यांना पत्ता नव्हता.

बार कसला, एक लांबट खोली. एक लाकडी काउंटर, त्यापुढं ओळीनं आठ स्टुलं, आणि काउंटरमागं मालकीणबाई. मूळच्या जपानी, पण इतकी वर्षं इथं काढलेल्या, की प्रत्येक गोष्टीला "ग्रँड, ग्रँड" म्हणणार. बार नुकताच उघडला होता, आणि आम्हा दोघींखेरीज कुणी नव्हतं. आईंनी चपला दाराशी काढल्या. मालकीणबाईंना ते इतकं आवडलं, की त्यांनी कमरेत वाकून नमस्कार केला. आईंनी हात जोडले. मग पुन्हा त्या वाकल्या, पुन्हा आईंनी हात जोडले. कुणीच आधी थांबेना. शेवटी मी आईंना स्टुलावर चढवलं.

आधी भाजलेल्या तांदळाचा चहा आला. आईंनी वास घेतला. "चुरमुऱ्याच्या भट्टीवर उभं राहिल्यागत वाटतंय." मग त्यांचं लक्ष गरम पाण्यात ठेवलेल्या चिनीमातीच्या सुरईकडे गेलं. "त्यात काय हाय?"

आता मात्र मी खोटं बोलले नाही. "दारू आहे आई. तांदळाची."

"असं व्हय?" त्यांनी मागं वळून दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "थोडी बघू."

त्या एवढ्या पटकन म्हणाल्या, की मीच गांगरले. मालकीणबाईंनी लिंबाएवढ्या वाटीत गरम साके ओतली. आईंनी तीर्थ घ्यावं तशी उजव्या हातानं घेतली, डोळे मिटले आणि गिळली. मग ओठ चाटून पाहिले.

"पेजेत कुणीतरी पिकलं केळं कुस्करलंय," त्या म्हणाल्या. "वाईट न्हाई."

मी भाषांतर करून सांगितलं. मालकीणबाई खूश झाल्या. केळ्याचा वास बऱ्याच गिऱ्हाइकांना सांगूनही येत नाही म्हणाल्या, आणि वाटी पुन्हा भरली.

तेवढ्यात दार उघडलं. पुढं माझ्या नवऱ्याचा मॅनेजर, कॉर्ककडचा धिप्पाड, लालबुंद गालांचा माणूस. त्याच्यामागं ऑफिसातले तिघं, आणि शेवटी नवरा. ऑफिसातल्या कुणीच मला आधी पाहिलं नव्हतं. त्याला आई दिसली. आईच्या हातातली वाटी दिसली. तो उंबऱ्यातच थिजला.

आता तो काय करतो, म्हणून मी श्वास रोखून बसले. पण माझा सगळा बेत आईंनी उधळला. त्यांनी मुलाकडे एकदा पाहिलं, ट्राममध्ये समोर बसलेल्या अनोळखी माणसाकडे पाहावं तसं. मग शांतपणे वाटीतून एक घोट घेतला आणि म्हणाल्या, "हॅलो. प्लीज सिट."

बुडत्या नवऱ्याला काडी मिळाली. तोही "हॅलो" म्हणाला आणि अगदी टोकाच्या स्टुलावर जाऊन बसला. मालकीणबाईंनी त्याला विचारलं, "तुमची नेहमीचीच ना?" आईंना 'युज्वल' हा शब्द नीट कळतो. शाळेत शिवण शिकवायच्या त्या, पण कान तिखट आहेत. त्या नुसत्या माझ्याकडे बघून हसल्या.

मॅनेजरची जागा नेमकी आईंच्या शेजारी. आयरिश माणूस शेजारच्याशी न बोलता बसेल तर शपथ. हवेपासून सुरुवात झाली, मग साडी, मग "तुमचं इथं कोण असतं?"

"वन सन," आई म्हणाल्या. "व्हेरी गुड बॉय. नेव्हर ड्रिंक."

टोकाच्या स्टुलावर जोरदार ठसका लागला.

"थेंबभरही नाही?" मॅनेजरनं कौतुकानं विचारलं.

"नेव्हर. प्रॉमिस टू मदर."

मॅनेजर इतका भारावला, की त्यानं वाटी उंच केली आणि सगळ्यांना म्हणाला, "या बाईंच्या मुलाच्या नावानं!" सगळ्यांनी वाट्या उचलल्या. नवऱ्यालाही स्वतःच्या सद्गुणांसाठी साके प्यावी लागली. मी ओढणीत तोंड खुपसलं.

पुढं एकदा मात्र आईंचं धाबं दणाणलं. मॅनेजर टोकाकडे बोट दाखवून मला म्हणाला, "युवर मॅन आज अगदी गप्प आहे." इथं 'युवर मॅन' म्हणजे नुसतं 'तो बुवा', कुणीही. पण आईंनी माझा दंड गच्च धरला. "तुझा माणूस म्हणतोय गं! ह्याला कसं कळलं?" त्यांना समजावता समजावता मला उचकी लागली.

तासाभरानं आम्ही उठलो. ट्राममध्ये मी एकटीच हसत होते. आई खिडकीबाहेर बघत होत्या.

नवरा घरी आला तेव्हा त्या पानं वाढत होत्या. "कशी झाली मीटिंग?"

त्यानं ओलं जाकीट काढून खुर्चीवर टाकलं.

"बस. भात वाढते. तांदूळ तुला मानवतोय."

तो खाली बसला आणि डोकं धरून म्हणाला, "आई, तू तिथं ओरडली का नाहीस?"

"चारचौघांत? साहेबासमोर? इतकी वर्षं कष्टानं लपवलंस, मी एका मिनटात उघडं पाडू?" त्यांनी वरण वाढलं. तुपाचं भांडं पुढं सरकवलं. मग जरा हळू आवाजात म्हणाल्या, "दारूचं मला काही न्हाई वाटलं रे. पण मला वाटलं, आम्ही निघताना तरी ओळख देशील."

हसण्याचा माझा सगळा साठा तिथं संपला. बेत माझा होता, आणि त्याला हा काटा असेल हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. नवरा उठला, तसाच खरकट्या हातानं त्यांच्याजवळ जाऊन उभा राहिला. त्या म्हणाल्या, "हात धू आधी."

सोमवारी त्यानं ऑफिसात स्वतःच सगळं सांगून टाकलं. मॅनेजर म्हणे हसता हसता खुर्चीवरून घसरायचा राहिला, आणि 'त्या बाईंना' पुन्हा भेटल्याशिवाय गप्प बसणार नाही म्हणाला. म्हणून पुढच्या शुक्रवारी मॅनेजर धरून आम्ही चौघं गेलो. दारातच नवऱ्यानं आईंच्या खांद्यावर हात ठेवला आणि मालकीणबाईंना, मॅनेजरला, शिवाय आधीपासून बसलेल्या दोन अनोळखी पोरींनाही सांगितलं, "ही माझी आई." पोरींनी टाळ्या वाजवल्या. आई पदर सारखा करत स्टुलावर चढल्या.

मालकीणबाईंनी न विचारता गरम सुरई पुढं ठेवली. आईंनी ती अलगद बाजूला सरकवली आणि चहा मागितला.

"का हो आई?" मी विचारलं. "परवा तर आवडली होती."

"परवाची गोष्ट येगळी," त्या म्हणाल्या. "परक्या माणसांत चालतं. पोटच्या पोरासमोर कसं प्यायचं?"