राखाडी जमिनीतलं पाऊल

माझे धाकटे दीर स्वीडनहून परत आले ते एक जाडजूड मासिक घेऊन. साठ सालच्या आसपासची गोष्ट. तिकडच्या एका कारखान्यात ते दोन वर्षं यंत्रांचं काम शिकत होते. आम्हाला वाटलं, घड्याळ आणतील, निदान अत्तराची बाटली तरी. त्यांनी आणले खोल्यांचे फोटो. पांढऱ्या भिंती, फिकट लाकडाच्या बुटक्या खुर्च्या, छतापासून खाली लोंबणारा एक दिवा आणि राखाडी जमीन. बास. धाकटी जाऊ ती पानं अशी उलटायची, की हिचं बालपण तिकडेच गेलं असावं. माहेर तिचं आपट्याचं, नदीकाठच्या गावातलं.

तळ्याजवळ त्यांनी घर बांधायला काढलं आणि तसाच हॉल करायचं ठरवलं. तेव्हा पनवेलमध्ये ज्याच्याकडे चार पैसे असत तो लाल कोबा करायचा, नाहीतर ठिपक्यांच्या लाद्या बसवायचा. उरणकडचा गवंडी दोनदा विचारून गेला, "सायेब, रंग कवा टाकाचा?" रंग नाहीच म्हटल्यावर तो माझ्याकडे बघायला लागला, जणू मी तरी दिरांना समजवावं. शिवणीच्या लाकडाच्या खुर्च्या झाल्या, त्यांना पॉलिश करू दिलं नाही. सुतार म्हणाला, लोक म्हणतील काम अर्धवट टाकून गेला. भिंतीवर कॅलेंडर लावायचं नाही, देवांच्या तसबिरी लावायच्या नाहीत, अशी दिरांची ताकीद होती.

मी सगळ्यांसमोर नाक मुरडलं. राखाडी जमीनच हवी तर आमचं माजघर काय वाईट होतं? शेणात कोळशाची पूड कालवून दर शनिवारी मी ते सारवत होते, ते काय गुलाबी दिसत होतं? पण खरं सांगते, माझा जीव जळत होता. त्या जमिनीवर कधी वाकावं लागणार नव्हतं. ओलं फडकं फिरवलं की झालं. माझ्या नखांतला शेणाचा वास लिंबू चोळूनही जात नसे, आणि ही बाई बुटक्या खुर्चीत पाय दुमडून मासिक वाचणार होती.

एकाच गोष्टीवर मी तग धरून होते. आमच्याकडे गौर खड्यांची. तळ्याकाठचे सात खडे ताम्हनात घेऊन यायचं, वाटेत तोंडातून अक्षर काढायचं नाही, मागे वळून बघायचं नाही. लग्न झाल्यापासून बारा वर्षं गौर मीच आणत होते. दारात पोचले की सासूबाई माझ्या पायांवर दूध-पाणी घालायच्या, हळदकुंकू लावायच्या. एरवी वर्षभर त्या मला काही ना काही शिकवत असत. तो एक दिवस त्या माझ्यासमोर वाकायच्या. नव्या घराचा पाया भरला तेव्हाच त्यांनी सांगून टाकलं होतं, "गौरी-गणपती थोरल्याच्या घरी. त्यात बदल नाही." ते ऐकून त्या दिवशी मी दोन घास जास्त जेवले.

श्रावण संपत आला होता. हॉलचा कोबा झाला त्या दिवशी दीर मुंबईला गेले होते आणि जाऊ आपट्याला. गवंड्याला चहा द्यायला मला जावं लागलं. चहा पिऊन, थापी धुऊन तो निघाला आणि जाता जाता म्हणाला, "बाय, आत पाय नको टाकू. वली हाय अजून."

मी एकटीच दारात उभी राहिले. आत एवढं गुळगुळीत राखाडी, की खिडकीचा उजेड त्यावर पसरून पडला होता. इतकी सुंदर जमीन मी आजवर पाहिलेली नव्हती. आणि ती माझी नव्हती. मला काय झालं सांगता येत नाही. दाराची चौकट धरली, चप्पल काढली आणि पाय टाकला. चांगला दाबून टाकला. मग मागे घेतला, बाहेरच्या पिंपात धुतला आणि घरी येऊन तांदूळ निवडत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गवंड्याची आरडाओरड ऐकून आम्ही गेलो. दीर रात्रीच आले होते, ते डोक्याला हात लावून उभे. गवंडी शपथा घेत होता, की तो पाय त्याचा नव्हे. "सिमेंट भरतो, सायेब, दिसाचा नाय," म्हणून तो थापी घेऊन वाकला, तेवढ्यात सासूबाईंनी त्याचा हात धरला.

"थांब. उजवं पाऊल आहे."

झालं होतं असं, की खोडी काढतानासुद्धा मी उजवा पाय आधी टाकला होता. माप ओलांडून या घरात आल्यापासूनची सवय, ती काही गेली नाही. पाऊल एकच, उंबऱ्याच्या आत, खोलीकडे तोंड केलेलं.

"आत गेलंय, बाहेर आलेलं नाही," सासूबाई म्हणाल्या. मग डोळे बारीक करून आणखी वाकल्या. "आणि बोटं मोजा. चारच आहेत. माणसाला चार बोटं असतात का?"

माझ्या उजव्या पायाची करंगळी जन्मापासून शेजारच्या बोटावर चढलेली आहे. ती जमिनीला टेकतच नाही. बारा वर्षं त्या पायावर दूध-पाणी घालूनही सासूबाईंनी ती कधी न्याहाळली नव्हती. मी लुगडं पावलांवर ओढून घेतलं.

"अगं आई, कुणीतरी उनाड पोरगं असेल," दीर म्हणाले.

"तू गप्प बस. तुला काय कळतंय? ज्या घरात गौर आपण होऊन पाय टाकते, तिथून तिला हाकलायची? यंदापासून गौरी-गणपती याच हॉलमध्ये."

मी तिथेच बोलायला हवं होतं. आई, ते माझं पाऊल आहे, एवढंच. चार-पाच शब्द. पण मग पुढचा प्रश्न आला असता, का टाकलंस? बारा वर्षं माझ्या घरी येणारी गौर मी माझ्याच पायानं जावेच्या घरी नेऊन सोडली होती, आणि घरी परतताना अंगाचा तिळपापड होत असूनही मी सगळ्यांसारखी हात जोडून चालत होते.

जाऊ आपट्याहून आली, पावलापाशी बसली, बराच वेळ बघत राहिली. हळदकुंकू वाहिलं. मग सासूबाईंना म्हणाली, "गौर वहिनींनीच आणायची. घर बदललं तरी माणूस बदलायला नको. पाय मी धुईन." सासूबाईंना तिचं केवढं कौतुक वाटलं! मला तर वाटलं, जखमेवर मीठ चोळायची ही नवी तऱ्हा असेल.

पेणहून गणपती आला. जिथे कॅलेंडर चालत नव्हतं त्या पांढऱ्या भिंतीला पताका आणि झिरमिळ्या लागल्या. दीर मुकाट्यानं शिडी धरून उभे होते. तिसऱ्या दिवशी मी तळ्यावरून सात खडे घेतले आणि तोंड मिटून निघाले. बारा वर्षांच्या सवयीनं पाय आमच्या गल्लीकडे वळत होते. ते ओढून मी तळ्याजवळच्या घराकडे नेले.

दारात जाऊ पाट मांडून बसली होती. मागे सासूबाई, शेजारच्या बायका. तिनं माझ्या डाव्या पायावर दूध घातलं, पाणी घातलं, कुंकू लावलं. मग उजवा पाय हातात घेतला. धुता धुता तिचं बोट माझ्या करंगळीवर आलं आणि तिथेच थांबलं. तिनं ती करंगळी हळूच उचलून पाहिली, पुन्हा होती तशी ठेवली. मान वर केली नाही. पदरानं पाय पुसला, इतका सावकाश की मागच्या बायकांना वाटलं असेल, किती भक्ती ही.

"वहिनी," ती माझ्यापुरतं बोलली, "या वेळी दोन्ही पावलं टाका."

माझ्या हातात गौर होती. मला बोलायची मुभा नव्हती. मी उंबरा ओलांडला, कुंकवानं भरलेल्या माझ्याच पावलाला वळसा घातला आणि त्या थंड, राखाडी जमिनीवरून चालत गेले. ताम्हन ठेवल्यावर गौर आणणारीला बोलता येतं. सगळ्या जणी बोलायला लागल्या. जाऊ माझ्यासाठी बुटकी खुर्ची घेऊन आली, आणि मी तिच्याशी काही न बोलता तीत बसले.