अक्काचं मशीन भंगार नव्हतं

अन्याय माझ्या थोरल्या बहिणीवर झाला. १९९८ साली, नागपंचमीच्या आदल्या दिवशी, दुपारी चार वाजता, सांगलीतल्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात. वेळ मुद्दाम लिहितोय. पत्रकं लिहून मला लागलेली ही सवय आहे. कुणावर आणि कधी, हे पहिल्या ओळीत सांगायचं, नाहीतर लोक पत्रकात भजी बांधून घेतात.

अक्का घरी बसून मराठी टायपिंग करायची. शाळांच्या प्रश्नपत्रिका, सोसायट्यांचे अहवाल, लग्नाचे बायोडाटा, तहसीलमधले अर्ज. सरकारी परीक्षा ती मिनिटाला चाळीस शब्दांनी पास झाली होती, तीही लोखंडी टाइपरायटरवर. आमच्या घरातला कॉम्प्युटर म्हणजे एक ४८६. काळा पडदा, पांढरी अक्षरं, आणि मराठीसाठी पोटात बसवलेलं एक कार्ड. आमचे वडील, अण्णा, कुपवाडला ज्या कारखान्यात स्टोअर सांभाळायचे, तिथल्या ऑफिसात नवी मशीनं आली तेव्हा जुन्यांचा लिलाव झाला. त्यातलं एक अण्णांनी बोली लावून घेतलं. स्कूटरवर मागे बसून, मॉनिटर मांडीवर धरून ते घरी आणलं अक्कानं.

त्या पावसाळ्यात तिच्याकडे आजवरचं सगळ्यात मोठं काम आलं होतं. एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी आपलं आयुष्य हातानं लिहून काढलं होतं, भरगच्च सात वह्या. दसऱ्याच्या आत ते छापखान्यात जायला हवं होतं. आणि मशीन मध्येच अडायला लागलं होतं. मी तेव्हा साताऱ्याला कॉलेजात होतो. सणाची सुट्टी म्हणून घरी आलो होतो, तर तिच्याबरोबर दुकानात गेलो.

दुकानदारानं तिच्यावरून नजर उचलून माझ्यावर ठेवली. "बोला साहेब, काय प्रॉब्लेम?"

"मधेच थांबतंय," अक्का म्हणाली. "आणि कान्याचं बटण..."

"रॅम किती आहे?" हे परत मला.

मला कुठलं माहीत? "कमीच असणार," मी म्हणालो.

"चार एमबी," अक्का म्हणाली. "आणि ते बटण बघा की, कान्याचं..."

"४८६ ना? अहो ताई, भंगार आहे ते. आता कुणी हातात तरी घेईल का?" बाकावरची दोन गिऱ्हाइकं हसली. "सरळ विंडोजवालं नवीन घ्या. मराठी त्यातच टाकून देतो. अक्षरांच्या जागा जरा वेगळ्या आहेत, पण महिन्याभरात हात बसेल." मग माझ्याकडे वळून, "साहेब, तुम्हाला पटतंय ना?"

आणि मी म्हणालो, "पटतंय."

दुकानदाराला दुसऱ्या दिवशी नागपंचमीला शिराळ्याला जायचं होतं. तो गिऱ्हाइकांशी जीपगाडीचं बोलायला लागला. आम्ही बाहेर पडलो.

रस्ताभर मी तापलेलो होतो. कशानं? तर 'भंगार' या शब्दानं. आमच्या घरात भंगार? साताऱ्यात मी ज्या संघटनेचं काम करायचो, तिच्या ऑफिसात नुकतंच नवं मशीन आलं होतं. रंगीत पडदा, माउस, आणि मथळा हवा तेवढा मोठा करता यायचा. मी त्यावर दोन पत्रकं काढली होती आणि स्वतःवरच खूश होतो. ते साताऱ्यात आणि आमच्या घरात दुसऱ्यांनी उतरवलेलं, हे मला काही सोसेना.

संध्याकाळी जेवताना मी विषय काढला. आमच्या आबांनी, म्हणजे आजोबांनी, छप्पन साली धम्म स्वीकारला. त्या दिवसापासून कुणाचं शिळं, कुणाचं टाकलेलं त्यांनी उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. मी तोच धागा धरला.

"आबा, तुम्ही टाकलेलं घ्यायचं सोडलंत. मग कारखान्यानं टाकलेलं मशीन आपल्या घरात कसं काय?"

आबा भाकरी मोडत होते. "टाकलेलं कुटं रं? तुज्या बापानं चारचौघांत बोली लावलीया. पावती हाय टरंकंत. उष्टं काय आन् इकत घेतलेलं काय, येवढं बी कळंना व्हय? कालिजात शिकवत्यात तरी काय?"

आईला हसू आवरेना. अण्णा म्हणाले, "दिवाळीचा बोनस होऊ दे, मग बघू." अक्का काहीच बोलली नाही. मी तिला माझ्या बाजूला धरलं. सभेत आम्ही हेच करायचो. जे गप्प बसतील ते आपले.

दुसऱ्या दिवशी गल्लीत सण चालू होता, आमच्या घरी नुसती सुट्टी. मी ठरवलं, घरातल्या घरात पत्रक काढायचं. मथळा तयार होता : 'घरातील सर्व सभासदांना जाहीर आवाहन'. आता हसू येतं, पण तेव्हा मला दुसरा मार्गच माहीत नव्हता. कुठलाही प्रश्न असो, आधी पत्रक. आणि पत्रक हातानं लिहिलेलं असून चालत नाही, छापील लागतं.

"अक्का, एक पान घेतीस का टायपाला?"

"कशाचं हाय?"

"मशीन बदलण्याचं."

तिनं माझ्याकडे नीट बघितलं. "म्हंजे माझ्या मशीनची तक्रार माझ्याच हातानं? बस. सांग."

मी तिच्या मागे उभा राहिलो आणि सांगायला लागलो. हे मशीन घरात येऊन दोन वर्षं झाली होती, पण ती काम करताना मी असा मागे कधी उभा राहिलो नव्हतो. माझं वाक्य तोंडातून पुरतं बाहेर पडायच्या आत ते पडद्यावर असायचं. तिची नजर बटणांवर नव्हती, मान वळवून ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

"पुढं?"

"थांब जरा. शब्द शोधतोय."

"मशीन हळू हाय म्हणून लिवायला सांगतोस आन् वाट मी बघतीया तुजी."

दुसऱ्या परिच्छेदात मी पडदा सोडून तिचे हात बघायला लागलो. दर दोन-तीन अक्षरांनी तिचं एक बोट अडायचं. कान्याचं बटण दाबलं की खालीच राहायचं. ती ते नखानं वर काढायची आणि पुढे जायची, वर काढायची आणि पुढे जायची. मराठीत काना किती वेळा येतो? मोजा. माझ्या आवाहनातच एका ओळीत सातदा होता.

"हे असं कधीपासून आहे?"

"संक्रांतीपासनं."

"आणि मशीन थांबतं ते?"

"मजकूर लांबला की थांबतंय. मी तुकडे करते." तिनं फ्लॉपींचा डबा उघडून दाखवला. प्रत्येक फ्लॉपीवर तिच्या बारीक अक्षरात चिठ्ठी : वही तिसरी, तुकडा दुसरा. वही तिसरी, तुकडा तिसरा. बाईंचं सबंध आयुष्य तिनं असं सहा-सहा पानांचं करून ठेवलं होतं आणि कुठलं पान कुठं आहे ते तिला तोंडपाठ होतं.

मग तिनंच सांगितलं, अगदी सरळ. नव्या मशीनवर अक्षरांच्या जागा वेगळ्या. हात बसायला महिना लागणार, कदाचित दोन. तोवर तिचा वेग जाणार, वह्या पडून राहणार, बाई दुसरीकडे जाणार. "चाळीसचा हात हाय माझा. त्यो मोडून मी नवं शिकीन की, न्हाई कुठं म्हणते? पण दसऱ्याच्या तोंडावर कशाला?"

"मग हे काल दुकानात बोलली का नाहीस?"

"बोलले की. दोनदा. तिसऱ्यांदा बोलणार तवर तू 'पटतंय' म्हणालास."

आजवर मी बऱ्याच लोकांच्या वतीनं बोललो होतो. तहसीलसमोर, एसटी स्टँडवर, कोरेगावच्या बाजारात पेटीवर उभं राहून. त्यातल्या किती जणांना मी आधी काही विचारलं होतं, हा प्रश्न मला त्या दुपारी पहिल्यांदा पडला. दुकानदारानं माझ्या बहिणीला उभ्या-उभ्या खोडून टाकलं हे खरं. पण त्या कागदावर सही माझी होती.

"पूस ते," मी म्हणालो.

"आता कसं पुसू? मन लावून टाइप केलंय." तिनं एका पाठकोऱ्या कागदावर ते खडखडत छापलं आणि आबांना नेऊन दिलं. आबांनी ते आईकडून मोठ्यानं वाचून घेतलं. 'सभासदांना' आल्यावर म्हणाले, "म्या बी सभासद हाय व्हय गं? मग चा कर."

शनिवारी आम्ही परत त्याच दुकानात गेलो. दुसरीकडे जाऊ म्हणालो तर अक्का म्हणाली, तिथंच.

"काय साहेब, ठरलं का?" दुकानदारानं मलाच विचारलं.

"मला विचारू नका. मशीन हिचं आहे." एवढं बोलून मी बाकावर बसलो. बोलायची एवढी सवय असताना गप्प बसायचं म्हणजे काय, ते ज्याचं त्यालाच माहीत.

अक्कानं सांगितलं, "४८६ला बसंल अशी आणखी चारची रॅम. आणि कीबोर्ड, जाड गोल पिनेचा. बटणं दाबून बघून घेणार."

रॅम जुन्या मशीनांतून काढलेल्या सामानाच्या ड्रॉवरमध्ये निघाली. कीबोर्ड तिनं काउंटरवर ठेवला आणि वायर न लावताच त्यावर आख्खी बाराखडी वाजवली. पहिला बाजूला सारला. दुसराही.

"ताई, सगळे सारखेच असतात."

"मग तिसरा दाखवा."

तिसऱ्यावर तिची बोटं थांबली नाहीत. दुकानदार काउंटरवर वाकला. "स्पीड किती तुमचा?"

"चाळीस."

"मराठी?"

"मराठी."

त्यानं चहा मागवतो म्हटलं. अक्का म्हणाली, काम पडलंय.

घरी आल्यावर अण्णांनी स्क्रू काढले, अक्कानं रॅमची पट्टी बसवली, आबांनी टॉर्च धरला. मजकूर वीस पानं झाला तरी मशीन थांबलं नाही. आईनं कांदा-मिरची चिरून भडंग केलं आणि आम्ही पाचही जण त्या काळ्या पडद्यासमोर बसून एका अनोळखी बाईंच्या लहानपणाचं पहिलं प्रकरण सलग वाचलं. दुसरं काहीच घडलं नाही. मला इतकं समाधान मोठ्या मोर्चातसुद्धा क्वचित झालं आहे. सातवी वही दसऱ्याच्या आठवडाभर आधी संपली.

ते ४८६ अजून चालू आहे. मला रंगीत पडदा अजूनही आवडतो, खोटं कशाला बोलू? पण अक्का म्हणते, "बदलायचं तवा मीच सांगीन," आणि या वेळी मला खरोखर पटलेलं आहे.

आता तुमचं. तुमच्याही घरात मशीन बदलायचं की ठेवायचं, अशी चर्चा चालू असेल, तर माझी मागणी ऐका. त्या मशीनपुढे रोज जे माणूस बसतं, त्याच्या मागे आजच तासभर उभे राहा, तोंड बंद ठेवून. काय अडतंय ते त्यालाच विचारा. दुकानात त्याला पुढे करा. आणि दुकानदारानं तुमच्याकडे बघून विचारलं, तर उत्तर देऊ नका.