नांगराचा मुक्काम

१९६३ सालच्या जून महिन्यात आमचा साहेब दोह्याहून रजेवर इंग्लंडला गेला आणि तिथल्या एका कालव्यात, भाड्याने घेतलेल्या होडीवर, सहलीच्या पाचव्या मुक्कामी झोपेत मरण पावला. होडी दोन माणसांसाठी घेतलेली होती. साहेब एकटाच होता. दुसरा माणूस आपण, अशी माझ्या मामाची समजूत होती.

साहेब एका ब्रिटिश कंपनीच्या गोदामांचा प्रमुख होता. मी त्याचा टायपिस्ट. मामू तिथेच फर्राश होता, म्हणजे ऑफिसातला शिपाई; चहा, टपाल आणि झाडलोट त्याच्याकडे. मला ही नोकरी त्यानेच लावून दिली होती. ऑफिस किनाऱ्याला लागून होते. मोठ्या बोटींना बंदरात येण्याइतके पाणी नव्हते, त्या दूर नांगरून राहत आणि माल पडावांतून धक्क्यावर येई. खिडकीतून हे सगळे दिसत असे. मामू मात्र कप धुताना समुद्राकडे पाठ करून बसे.

फर्राश होण्यापूर्वी तो रत्नागिरीकडच्या एका गलबताचा तांडेल होता. कौले आणि लाकूड घेऊन बसऱ्यापर्यंत जाऊन आलेला. एका वर्षी घरी परतताना, खाडीच्या तोंडावर, गाव दिसत असताना गलबत वाळूच्या दांड्यावर आपटले आणि फुटले. माझा धाकटा मामा त्यात बुडाला. सुकाणू मोठ्याच्या हातात होते. त्यानंतर त्याने सुकाणूला हात लावला नाही. दोह्यालाही तो आगबोटीच्या खालच्या डेकवर पांघरूण डोक्यावर घेऊन आला होता.

साहेब दर दोन वर्षांनी रजेवर जाई आणि मडमेबरोबर एक आठवडा कालव्यातून होडीने हिंडे. १९६१ च्या हिवाळ्यात मडम इंग्लंडमध्ये वारली. साहेब जाऊन आला. ऑफिसात तिची एक वेताची खुर्ची होती. दुपारी ती मोटारीतून त्याला न्यायला येई तेव्हा तिथे बसे. खुर्ची हलवायला कोणी सांगितले नाही. दुपारचा चहाही दोन कपांचाच जात राहिला, कारण एकच आण असेही कोणी सांगितले नाही. दुसरा कप गार होऊन परत येई.

१९६३ च्या फेब्रुवारीत साहेबाने टेबलावर कालव्यांचा नकाशा पसरला. काम संपल्यावर तो रोज थोडा वेळ सहलीची आखणी करी आणि मी ती टाईप करी. सात दिवस, सात रात्री. प्रत्येक संध्याकाळी होडी कुठल्या तरी पबच्या दारात बांधायची. पब चांगला कशाने, याचे त्याचे नियम होते. बिअर पिंपातली हवी. चुलीत विस्तव हवा, जून असला तरी. होडी बांधायचा खुंट दारातून दिसला पाहिजे. मालक फार बोलणारा नको. एखादे नाव मी टाईप करून झाल्यावर तो वेताच्या खुर्चीकडे बघे, थोडा थांबे आणि म्हणे, "नको. हा खोड." मग मी खोडत असे.

मामू कप उचलायला आला की त्या खुर्चीला वळसा घालून जाई.

"सरळ का येत नाही तुम्ही?" मी एकदा विचारले.

"बाय बसलीय ना," मामू म्हणाला.

नकाशाकडे त्याने पहिल्यांदा पाहिले ते मार्चमध्ये. साहेब मला म्हणत होता की तिसऱ्या दिवशी चार लॉक आहेत. लॉक म्हणजे काय, असे मामूने मला विचारले. मी म्हटले, कुलूप.

"पान्याला कुलूप? चोर पानी नेतात काय?"

साहेबाने विचारले, तो काय म्हणतो. मी सांगितले. साहेब हसला. मडम गेल्यानंतर ऑफिसात तो हसलेला मी पाहिला नव्हता. त्याने दोन पुठ्ठे घेतले, मध्ये खोडरबराची होडी ठेवली आणि दाखवले: होडी आत घ्यायची, मागचा दरवाजा लावायचा, पुढून पाणी सोडायचे, होडी वर चढते, मग पुढचा दरवाजा उघडायचा.

"म्हंजे मानसानं केलेली भरती," मामू म्हणाला. मग त्याने साहेबालाच त्याच्या हिंदुस्तानीत विचारले, "पानी कितना, साब?"

साहेबाने छातीवर हात ठेवला.

"लाट?"

"लाट नहीं. कुछ नहीं."

मामू नकाशाजवळ बराच वेळ उभा राहिला. खोलीवर आल्यावर मला म्हणाला, "छातीएवडा पानी. त्यात कोन बुडत नाय."

त्या दिवसापासून आखणीच्या वेळी तो टेबलाशी उभा राहू लागला. वाऱ्याची दिशा विचारी. वळणावर होडी किती लांबून फिरवायची ते हाताने दाखवी. एका दुपारी साहेबाने दुसरा कप त्याच्याकडे सरकवला. मामूने तो उभ्यानेच प्यायला. पुढे ते रोजचेच झाले.

पबची नावे मी त्याला मराठीत सांगत असे, कारण दारावरच्या पाट्यांवर चित्रे असतात असे साहेब म्हणाला होता. पहिला घोड्याचा, दुसरा हंसाचा, तिसरा कोल्ह्याचा, चौथा घंटेचा. पाचव्याच्या पाटीवर शेत नांगरायचा नांगर होता. मी नुसते नांगर म्हटले. मामूने बोटीचा नांगर समजून मान डोलावली. "हा मुक्काम चांगला. जागा बघून नाव ठेवलाय." हे मला त्याच्या पुढच्या बोलण्यावरून कळले. तोवर नाव त्याच्या डोक्यात पक्के झाले होते.

एप्रिलच्या अखेरीस एका दुपारी साहेब टेबलाशी उभा होता, मामू समोर. मी मशीनवर होतो. साहेब म्हणाला, "जून में हम लोग जायेगा. सात दिन. एक बोट पकड़ेगा, एक दरवाज़ा खोलेगा. ठीक?"

मामू म्हणाला, "इन्शाल्ला, साब."

साहेबाने त्याच्याकडे पाहिले. मग नकाशाची घडी केली आणि म्हणाला, "अच्छा."

या शब्दाबद्दल साहेबाचे मत ऑफिसात सर्वांना माहीत होते. उद्या लॉरी येईल का, असे विचारले की कंत्राटदार इन्शाल्ला म्हणत आणि लॉरी येत नसे. नव्याने आलेल्या इंग्रज अधिकाऱ्याला साहेब पहिल्याच दिवशी सांगे, "इकडे कोणी तोंडावर नाही म्हणत नाही. इन्शाल्ला म्हणतात. ते ऐकलं की नाही लिहून घ्या आणि पुढच्या कामाला लागा."

मामूचे उलट होते. पुढच्या कुठल्याही गोष्टीला नुसते होय म्हणणे त्याला उद्धटपणाचे वाटे. उद्याचा दिवस आपल्या हातात असल्यासारखे बोलू नये, अल्लाची मर्जी असेल तर म्हणावे, असे तो मानी. आंघोळीला पाणी आणतो का, असे विचारले तरी त्याचे उत्तर इन्शाल्ला असे, आणि पाणी येई.

त्या संध्याकाळी त्याने खोलीत सांगितले, "आपुन जून म्हैन्यात इंग्लंडला जातंव. साबानं सांगितला."

आमच्याबरोबर कुलाबा जिल्ह्यातला एक शिंपी राहत असे. सूक वाकिफच्या बाजारात त्याचे मशीन होते. तो म्हणाला, "साब काय बोलला नक्की?"

"हम लोग जायेगा बोलला."

"हम लोग म्हणजे आपण की आम्ही? साब आणि त्याची बायको असेल."

"बायको मेली."

"म्हणून काय झालं? खुर्ची अजून ठेवलीय ना?"

हिंदुस्तानीत दोन्हींना एकच शब्द आहे. ऑफिसातही सर्वांची समजूत शिंप्यासारखीच होती, माझीही. होडी दोघांची का, याचे कारण खुर्ची होती. मामूला मात्र कोणी पुन्हा तसे म्हणाले नाही.

त्याने शिंप्याकडून लोकरीचा डगला शिवून घेतला. मे महिन्यात दोह्यात लोकरीच्या कापडाला हात लावणारा तो एकटाच असेल. माप घेताना शिंप्याची चेष्टा चालूच होती.

"तांडेल, सातही दिवस दारूच्या गुत्त्यासमोर होडी बांधणार. नमाज कुठे पढणार?"

"होडीत. होकायंत्र हाय माज्याकडं."

"आणि खाणार काय? त्यांच्यात सकाळपासून डुक्कर."

"साबाला ठावं हाय मी काय खातो ते. तू बाह्या लांब कर, सुकानूचा दांडा धरताना वर जातात."

मामूच्या पासपोर्टावर फक्त आखाती देशांची नावे होती. इंग्लंडचे नाव घालून घ्यावे लागले असते. तो म्हणे, साब मागेल तेव्हा देऊ. पासपोर्ट त्याने ऑफिसात नेऊन चहाच्या कपाटात ठेवला. साहेबाने तो मागितला नाही. आखणीला मात्र खंड पडला नाही, आणि दुसरा कप मामूकडे सरकत राहिला. पबवाल्यांना जागा राखण्याबद्दलची पत्रे साहेबाने मला टाईप करायला दिली नाहीत. ती त्याने आधीच स्वतः हाताने लिहिली होती.

जूनच्या पहिल्या आठवड्यात तो निघाला. शमाल, म्हणजे उत्तरेचा धुळीचा वारा, सुटला होता, अंगणात धूळ होती. मोटारीत बसण्यापूर्वी त्याने मामूचा हात हातात घेतला. मामूच्या दुसऱ्या हातावर डगला होता. मोटार गेली. मामूने कपाटातून पासपोर्ट काढला आणि कप धुवायला घेतले.

सहल ज्या दिवशी सुरू व्हायची होती त्या दिवशी मगरीबची, म्हणजे सूर्यास्ताची, नमाज झाल्यावर मामू खोलीत म्हणाला, "आज घोड्याचा मुक्काम."

शिंप्याने मशीनचे तेल पुसता पुसता वर पाहिले. "तुम्ही इथे आणि मुक्काम तिथे?"

"दांडा कोनीतरी धरायला पायजे. साबाला दरवाजे उगडायचे असतात."

दुसऱ्या संध्याकाळी हंस झाला. तिसऱ्या संध्याकाळी कोल्हा. चार कुलपे पार केली म्हणाला. त्याची आखणी तोंडपाठ होती आणि तो चुकत नव्हता. शिंप्याने चेष्टा बंद केली. पाचव्या संध्याकाळी मामू म्हणाला, "नांगर टाकला."

सहाव्या संध्याकाळी तो काही बोलला नाही, तेव्हा शिंप्यानेच विचारले, "तांडेल, आज कुठे?"

"तितंच."

"सहावा मुक्काम दुसरा आहे ना?"

"होडी हलत नाय," मामू म्हणाला.

सातव्या संध्याकाळीही त्याने तेच सांगितले. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात तार आली. साहेब पाचव्या मुक्कामी रात्री झोपला तो उठला नाही. डॉक्टरांनी कारण हृदयविकार दिले होते. तार मी वाचून दाखवली. मामूने त्या दुपारी एकच कप आणला. नवा साहेब अजून नेमला गेला नव्हता. तो कप त्याने टेबलावर ठेवला आणि नंतर नेला.

त्याच वर्षी डिसेंबरात साहेबाचा धाकटा भाऊ सामान न्यायला दोह्याला आला. तो ऑफिसात आला आणि, माहीत नसल्यामुळे, वेताच्या खुर्चीवर बसला. मामू चहा घेऊन आला तो दारातच थांबला. भावाने मला विचारले, "डुक्कर न खाणारा जुना दर्यावर्दी इथे कोण आहे?"

मी मामूकडे बोट केले. मामूने विचारले, "काय बोलतो?"

भाऊ सांगत गेला, मी मामूला मराठीत सांगत गेलो. साहेब गेल्यावर भावानेच ती होडी उलट्या मार्गाने परत नेली होती आणि वाटेत त्याच पबांत थांबला होता. सगळ्या मालकांकडून त्याने एकच ऐकले. साहेबाने एप्रिलच्या सुरुवातीलाच पत्राने कळवले होते की दोन पुरुष येतील. दुसरा जुना दर्यावर्दी आहे. तो दारू पीत नाही, डुक्कर खात नाही. त्याला मासे किंवा अंडी द्यावी आणि चहाची किटली वेगळी ठेवावी. नंतर हा निरोप साहेबाने बदलला नव्हता. त्यामुळे दर मुक्कामी टेबल दोघांचे मांडलेले होते. पाचव्या मुक्कामी मालकीणबाई दुसरी बशी उचलू लागली तेव्हा साहेब म्हणाला, राहू दे.

"पहिल्या मुक्कामी त्यांनी विचारलं होतं, दुसरा कुठे आहे म्हणून," भाऊ म्हणाला. "त्याने सांगितलं, मी त्याला विचारलं होतं. तो नाही म्हणाला."

हेही मी मराठीत सांगितले.

मामूच्या हातात ट्रे होता. "मी ना कदी बोललो?" त्याने मला विचारले. "तू व्हतास ना तितं. मी इन्शाल्ला बोललो."

भावाने त्या शब्दाचा अर्थ विचारला. मी सांगितला. मामूने दोन्ही कप टेबलावर ठेवले आणि तो खुर्चीला वळसा न घालता बाहेर गेला.

तो आणखी काही वर्षे त्याच ऑफिसात राहिला. १९६८ च्या जानेवारीत मुंबईच्या आगबोटीने कायमचा गावी निघाला. आगबोट दूर उभी होती, तिथपर्यंत लाँच जात असे. थंडी होती, अंगात लोकरीचा डगला होता. लाँचीत तो मागे, सुकाणूवाल्याच्या शेजारी बसला. लाँच सुटल्यावर मी धक्क्यावरून ओरडून विचारले, "मामू, पोचल्यावर खुशाली कळवाल ना?"

"होय," मामू म्हणाला.