पप्पा, मागे बसा

झोप लागत नाही आणि जागंही राहवत नाही, अशा मधल्याच कुठल्यातरी जागी प्रभाकर भिरूड पडून आहेत. अंगावर दोन रजया आहेत, ओले मोजे काढून कोरडे चढवलेत, तरी पायाची बोटं अजून आपली वाटत नाहीत. लेहच्या वाटेवरचं, लाहौलमधलं हे लहानसं गाव, रस्त्याकडेची भाड्याची खोली, वर पत्रा आणि पत्र्यावर पाऊस. काल दिवसभर ते पावसात मोटरसायकल चालवत आले. डोळे मिटले की अंग अजून चालवतंच आहे. मूठ आपोआप वळते, गुडघे टाकी शोधतात. खिडकी राखाडी व्हायला लागली आहे. पहाट आहे.

वय एकसष्ट. सगळी नोकरी भुसावळच्या लोको शेडमध्ये, फिटर म्हणून. गाडी त्यांची नाही, रेवतीची आहे. एकुलती एक मुलगी. दोन वर्षांपूर्वी तिनं पुण्याहून एकटीनं लेहला जायचं ठरवलं तेव्हा ते म्हणाले होते, "गेलीस तर मला तोंड दाखवू नकोस." ती गेली. ह्याच रस्त्यावर पावसानं तिला अडवलं आणि ती परत फिरली, पण बापलेकीतलं बोलणं काही परत सुरू झालं नाही. असे आठ महिने गेले. मग पुण्यात तिला ताप आला. तिसऱ्या दिवशी, गुरुवारी दुपारी चारला, तिनं वडिलांना फोन केला. तो उचलला गेला नाही. शुक्रवारी सकाळी ती गेली.

"बॅटरी उतरली होती," असं त्यांनी बायकोला, शालिनीला सांगितलं. अजून तेच सांगतात.

"पप्पा, मागे बसा."

आवाज खोलीतूनच येतो, पण खोली नाही, रस्ता आहे. रेवती गाडीवर बसली आहे, एक पाय जमिनीला टेकवून, हेल्मेटची काच वर करून. चेहरा तापातला नाही. चांगला आहे, वाऱ्यानं लाल झालेला.

"मी चालवतो बेटा. तुला बरं नाही."

"सहा दिवस तुम्हीच चालवलीत. क्लचची पार वाट लावलीत. बसा."

ते बसतात. मुलीच्या मागे ते कधीच बसलेले नाहीत. हात कुठे ठेवावेत कळत नाही, म्हणून मागची लोखंडी नळी धरतात. नळी बर्फासारखी लागते. गाडी निघते. पाऊस तिरपा येतो, मानेवरून आत उतरतो. डाव्या अंगाला खोल नदी आहे, तिचा आवाज वाढत जातो, वाढता वाढता रुळांचा खडखडाट होतो, आणि गाडी भुसावळच्या फलाटावरून चालली आहे. बाकांवरची माणसं पाय आखडून घेतात. कुणालाच त्यात काही वावगं वाटत नाही.

"इकडून कुठं?"

"रस्ता हाच आहे, पप्पा."

फलाट संपतो तिथं घरचं स्वयंपाकघर लागतं. फरशीवर घोटाभर गार पाणी. ओट्यावर दूध उतू जातंय, बघायला कुणी नाही. रेवती जपून, पहिल्या गिअरमध्ये पाण्यातून गाडी काढते. त्यांना म्हणायचं आहे, गॅस बंद कर. तोंड उघडतं, त्यात पाऊस जातो.

मग हॉस्पिटलचा लांब वऱ्हांडा, दोन्ही बाजूंना हिरवे पडदे, वाऱ्यानं फडफडणारे. ही जागा ते ओळखतात. इथं ते शुक्रवारी पोचले होते, फार उशिरा. ती गाडी थांबवते. इंजिन बंद करते.

"फोन का नाही उचललात?"

तिनं मान वळवलेली नाही. हेल्मेटवरून पाणी ओघळतंय.

"बॅटरी उतरली होती."

"पप्पा."

"खरंच बेटा. चार्जर..."

"रिंग वाजत होती. शेवटपर्यंत ऐकली मी."

एका पडद्यामागे कुणीतरी खोकतं.

"वाजत होता," ते म्हणतात. "मी सलूनमध्ये होतो, खुर्चीत. नाव दिसलं. रेवती. न्हावी म्हणाला, घ्या की साहेब. मी म्हटलं, राहू दे. आणि फोन पालथा ठेवला. वाटलं, माफी मागायची असेल. करू दे की फोन अजून एकदा. दुसऱ्यांदा आला की उचलू." त्यांचा आवाज चढतो, आवरत नाही. "घरी जाऊन तुझ्या आईला बॅटरीचं सांगितलं. ती बिचारी म्हणाली, जाऊ द्या, तुमचा काय दोष. रोज सकाळी चहा देते मला. तो मी पितो!"



"नाव दिसलं तुम्हाला?"

"हो."

"म्हणजे नंबर काढून टाकला नव्हता."

"नाही गं."

"मला वाटत राहिलं, काढूनच टाकला असेल."

आता ते तिच्या खांद्याला हात लावतात. जॅकेट ओलं आहे, आतला खांदा मात्र गरम, भयंकर गरम.

"काय सांगायचं होतं तुला?"

"पुण्याला या, म्हणणार होते. एवढंच."

"आलो ना मी. बघ कुठवर आलो!"

"इथं नाही, पप्पा."

ती किक मारते. ते खाली रस्त्यावर उभे आहेत. कधी उतरले, आठवत नाही. हेल्मेटची काच खाली येते. गाडी धुक्यात शिरते आणि ते धावतात, ह्या बधिर पायांनी, तोंडानं तिचं नाव घेत. रेवा, रेवा.

स्वतःच्याच ओरडण्यानं ते जागे होतात.

ते पलंगावर उठून बसलेत. खिडकी पांढरी झाली आहे. पाऊस थांबलेला नाही. उजवा कान गरम लागतोय, कारण त्या कानाला फोन आहे. ते तो कानापासून दूर धरून बघतात. पडद्यावर शालिनीचं नाव. आलेला फोन, उचललेला. खाली वेळ पळतोय: नऊ मिनिटं, एकेचाळीस सेकंद. बेचाळीस.

ते फोन पुन्हा कानाला लावतात.

"हॅलो?"

पलीकडे फक्त श्वास.

"शालू, तू कधी..."

"काल दिवसभर तुमचा फोन लागला नाही," ती म्हणते. आवाज सपाट आहे, फार रडून झाल्यावर होतो तसा. "जीव राहिना, म्हणून आता लावला. तुम्ही लगेच उचलला. मी हाका मारत होते, अहो, अहो. पण तुम्ही माझ्याशी बोलतच नव्हतात."



"काय ऐकलंस?"

"सलून ऐकलं. पालथा ठेवला, ते ऐकलं."

ती फोन ठेवेल म्हणून ते वाट बघतात. ठेवावा, असंही त्यांना वाटतं. ती ठेवत नाही.

"तिचं काहीच ऐकू आलं नाही मला," शालिनी म्हणते. "ती काय म्हणाली, तेवढं सांगा."