नजरेचा सौदा

माझं शिवणकामाचं दुकान आणि रंगाऱ्याचं दुकान, मध्ये एकच भिंत. जुन्या कोटाला नवं अस्तर लावायचं तर विटलेल्या कोटाच्या रंगाचं कापड बाजारात कुठून मिळणार? ते रंगवूनच घ्यावं लागतं. मी कोटाचा तुकडा द्यायचो, दुसऱ्या दिवशी अस्तर तयार. दोन्ही शेजारी ठेवली तर फरक मलाही सांगता येत नसे. लोक रंगाऱ्याला नजरबहाद्दर म्हणत आणि हा गडी मिशीला पीळ भरायचा. बढाईखोर होता, खोटं कशाला बोलू!

त्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, मागच्या खोलीत खिडकीजवळ बसायच्या, पातेल्यांच्या आणि ढवळायच्या काठ्यांच्या गराड्यात. रंगारी गिऱ्हाइकाचा तुकडा घेऊन आत जायचा आणि थोड्या वेळानं बाहेर येऊन मोठ्यांदा सांगायचा, "करड्यात किंचित हिरवा टाकावा लागेल. होऊन जाईल." मला वाटायचं, आत उजेड चांगला असेल.

गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा दोघांनी दुकान विकायला काढलं. घेणारी बाई तरुण होती, चांगली नोकरी सोडून आलेली. करारात तिनं एक कलम हट्टानं घालून घेतलं. विकणाऱ्यानं स्वतः सहा महिने तिला रंग जुळवायला शिकवायचं. रंगाऱ्यानं वर लिहूनही दिलं की चाळीस वर्षं हे काम आपण स्वतःच्या नजरेनं केलंय. ऐटीत सही ठोकली. आलेल्या पैशातून लेकीच्या घराशेजारी दोन खोल्या घेतल्या.

सहीनंतर एकोणिसाव्या दिवशी वहिनी गेल्या. चहाचं आधण ठेवलं, जरा टेकते म्हणाल्या, आणि उठल्याच नाहीत.

महिन्याभरानं रंगारी शिकवायला येऊ लागला. बाई विचारायची, "काका, यात काय कमी पडतंय?" हा म्हणायचा, "आधी पातेलं नीट घासायला शिक." बिचारीनं दोन महिने पातेली घासली. आरशासारखी लखलखीत केली. मग याचं येणंच बंद झालं. शेवटी तिनं नोटीस पाठवली की तुम्ही विद्या लपवता, करार मोडलात, दुकान परत घ्या आणि पैसे द्या.

मला बाईचा राग आला. म्हातारा माणूस, बायको गेलेली, जरा दम धरायला काय जात होतं? मी त्याला धीर द्यायला गेलो. त्याचं मन रमावं म्हणून तपकिरी कोट आणि अस्तर सोबत नेलं.

"बघ रे, जुळलंय का?"

त्यानं ते खिडकीत धरून बराच वेळ पाहिलं. "झकास जुळलंय."

घाईत मी पिशवीत भलतंच अस्तर कोंबलं होतं. हिरवंगार. माझा चेहरा बघून तो मटकन खाली बसला.

"लहानपणापासून असंच आहे मास्तर. लाल, हिरवा, तपकिरी, मला सगळं सारखंच. लग्नानंतर आठ दिवसांत तिच्या लक्षात आलं. जन्मात कुणापाशी बोलली नाही."

त्याच्या वकिलाला हे कळलं तेव्हा तो घाबरला. खरं सांगितलं तर करारात खोटं लिहून दिलं हे उघड होईल आणि दोन खोल्या हातच्या जातील. त्यानं वाट काढली. डॉक्टरांचा दाखला आणायचा की विक्रीनंतर वयामुळे नजर अधू झाली. आजारपणापुढे कुणाचा इलाज? खोल्या राहतील, नावही राहील. "झाकली मूठ सव्वा लाखाची," मीही म्हणालो. "दाखला घे आणि तोंड बंद ठेव." आज लाज वाटते, पण म्हणालो खरा.

भांडण लवादापुढे गेलं. लवाद म्हणजे एक निवृत्त न्यायाधीश. त्यांच्या खोलीत लांब टेबल, पाण्याचा जग आणि आम्ही पाचजण. त्यांनी दाखला दोनदा वाचला. मग विचारलं, "नजर कधीपासून गेली?"

रंगारी समोरच्या बाईकडे बघत होता. तिच्या नखांत रंग शिरला होता. ती भांडायच्या सुरात बोललीच नाही. "मला फक्त शिकायचं होतं, काका. तुमच्यासारखं."

"माझ्यासारखं नको गं," तो म्हणाला. मग लवादांकडे वळला. "साहेब, नजर गेली नाही. ती मला कधी नव्हतीच. रंग माझी बायको जुळवायची. एकूण एक. मी नुसता बाहेर येऊन सांगायचो."

वकिलानं पेनाला टोपण लावलं. बाई टेबलाकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. रागाचं की कशाचं, कोण जाणे.

करार रद्द झाला. खोल्या विकून तिचे पैसे परत केले आणि दुकानाची किल्ली याच्याकडे आली. लेक बोलावते, पण तो जात नाही. मागच्या खोलीतच झोपतो. पुढचं दार उघडत नाही, उघडून करणार तरी काय? गिऱ्हाइकं माझ्याकडे येऊन चौकशी करतात आणि मी उगाच त्यांच्यावर खेकसतो.

एक दिवस माझा बांध फुटला. "अरे, वहिनी तर गेल्या. त्यांना काय फरक पडणार होता? हरिश्चंद्राचा अवतार घ्यायला हाच मुहूर्त सापडला तुला?"

तो खिडकीजवळ बसला होता.

"सहीच्या आदल्या दिवशी म्हणाली, 'शिकवणार मी आहे, तर कागदावर माझंही नाव घाला.' चाळीस वर्षांत एवढंच मागितलं तिनं. मी हसलो मास्तर. म्हटलं, तुला कोण ओळखतं?"

त्याला शिव्या घालायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. तीस वर्षं मीसुद्धा प्रत्येक अस्तरासाठी त्यालाच शाबासकी दिली होती, आणि आत बसलेल्या बाईकडे फक्त चहा मागितला होता.